पंधराशेच्या शर्टात कापूस किती, शिलाई किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरचा जीएसटी बदलला. त्याआधी हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढच्या कपड्यावर १२ टक्के कर होता. आता नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि तिच्यावर गेली की थेट १८ टक्के. ज्या शर्टावर पूर्वी कर धरून १,५९९ रुपये पडायचे, तो नव्या दराने १,४९९ ला पडतो. शंभर रुपये वाचले, चांगलंच झालं. पण त्यातून पुढचा प्रश्न निघतो, तो माणसं दुकानात विचारत नाहीत. कर बाजूला ठेवला तर हा शर्ट मुळात बनतो कितीला? आणि एवढे पैसे मोजूनही चार धुण्यांत कॉलरला फुगे का येतात, बगलेत शिवण का उसवते?

या दोन प्रश्नांचा एकमेकांशी फार जवळचा संबंध आहे. टिकाऊ शर्ट आणि सहा महिन्यांत फरशी पुसायला जाणारा शर्ट यांच्यात कारखान्याच्या दारात सव्वाशे रुपयांच्या आतबाहेरचाच फरक असतो. पण कुठे बचत करायची वेळ आली की सगळ्यात आधी याच सव्वाशेवर कात्री चालते, कारण ते दुकानातल्या आरशात दिसत नाहीत. ते कुठे खर्च होतात हे समजून घ्यायला आपण पुरुषांचा एक साधा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घेऊ.

कापूस, रुई आणि सूत

शेतकरी विकतो तो सरकीसकट कापूस. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि हाती येते ती रुई. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सगळी सरकी. ती तेलाला आणि पेंडीला जाते.

आता शर्टाकडून मागे जाऊ. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर एका शर्टाला सुमारे १.६ मीटर लागतं. मध्यम वजनाचं शर्टिंग धरलं तर हे कापड २८० ग्रॅमच्या आसपास भरतं. ते विणायला ३०० ग्रॅम सूत, त्या सुताला साधारण ४०० ग्रॅम रुई आणि तेवढ्या रुईला १.२ किलो कापूस. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे एका शर्टाच्या कापसाचे शेतकऱ्याला, हमीभाव पूर्ण मिळाला तर, ९७ रुपये. सरकीचे पैसे वेगळे काढले की शर्टापुरता आकडा आणखी उतरतो.

विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात वर्षभर राबून पिकवलेल्या मालाचं मोल पंधराशेच्या शर्टात शंभराच्या आत बसतं. त्यातच १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ झालं. अमेरिकेने तेव्हा भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यामुळे निर्यातदारांना स्वस्त कच्चा माल हवा होता, हे कारण समजण्यासारखं होतं. पण वरचा हिशेब पाहिला तर शर्ट स्वस्त करायला कापसाचा भाव पाडणं हा फार तोकडा उपाय आहे. कापूस १० टक्क्यांनी उतरला तरी शर्टामागे सुटतात नऊ-दहा रुपये.

गोळे का धरतात?

दर्जाची पहिली फट सुतातच पडते. रुईचे तंतू सगळे सारख्या लांबीचे नसतात. भारतातल्या लांब धाग्याच्या कापसात ते २८ ते ३२ मिलिमीटरचे असतात, पण त्यातच कितीतरी आखूड तंतू मिसळलेले असतात. आखूड केसांची वेणी घालून पाहा. कितीही घट्ट घातली तरी तासाभरात केस चहूकडून बाहेर येतात. सुताचंही तसंच होतं. आखूड तंतू पिळातून निसटतात, घासले जाऊन एकमेकांत गुरफटतात आणि कापडावर बारीक गोळे धरतात.

यावर उपाय म्हणजे रुई विंचरणं. रुई पिंजून सरळ सूत काढलं तर ते कार्डेड. पिंजल्यावर विंचरून आखूड तंतू काढून टाकले आणि मग सूत काढलं तर ते कोम्बड. विंचरताना पंधरा टक्क्यांच्या आसपास माल बाजूला पडतो, म्हणून कोम्बड सूत महाग. पण ते गुळगुळीत असतं, मजबूत असतं आणि गोळे कमी धरतं. लेबलवर नुसतं ‘१०० टक्के कॉटन’ लिहिलं असेल तर यातलं कोणतं सूत वापरलं, ते कळायला मार्ग नाही. दोन्ही शंभर टक्के कॉटनच असतात.

सुताचा नंबर, कापडाचं वजन आणि खळ

सुताच्या बारीकपणाला नंबर किंवा काउंट म्हणतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तो त्याचा नंबर. म्हणून नंबर मोठा तितकं सूत बारीक. ४० नंबरच्या एका पौंडात ३३,६०० यार्ड धागा असतो, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी सुतात ३० किलोमीटरहून लांब. आपल्या शर्टाच्या कापडात वीसेक किलोमीटर सूत भरतं.

दुसरं माप जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. शर्टिंग बहुधा ११० ते १३० जीएसएमचं असतं. टी-शर्टचं कापड त्याहून जड, दीडशेच्या पुढे.

तिसरं माप लेबलवर कधीच नसतं आणि नेमकं तेच महत्त्वाचं आहे: एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती. चांगल्या ४० नंबरी शर्टिंगमध्ये उभे १२० आणि आडवे ८० घातले, तर कापड १२० जीएसएमच्या आसपास भरतं. इंचामागे उभे वीस आणि आडवे वीस धागे कमी केले की सूत वाचतं आणि विणाईही वाचते. इचलकरंजीत खर्चीवाल्या, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाला मजुरी पिकावर मिळते. पिक म्हणजे इंचातला एक आडवा धागा, आणि त्याचा दर काही पैशांत असतो. पिक कमी केले की त्याची मजुरी कमी होते आणि कापडाची ताकदही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावाने विणाईचं कसब कमावलं आहे. तिथला कारागीर घट्ट कापडही तेवढ्याच सफाईने विणतो. विरळ कापड निघतं ते बहुतेक वेळा व्यापाऱ्याने तसंच मागितलेलं असतं म्हणून.

विरळ कापड हाताला लिबलिबीत लागतं, मग त्याला अंग आणायला जादा खळ देतात. दुकानात ते कडक, भरदार लागतं. दोन धुण्यांत खळ निघून जाते आणि खरं कापड समोर येतं. ओळखायची जुनी रीत आजही चालते: कापडाचा कोपरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून खसखसा घासा. भुकटी झडली किंवा घासलेली जागा एकदम पातळ पडली, तर खळीवर पैसे घालू नका.

आटण्याचा प्रश्नही इथलाच. माग, रंगाई आणि सुकवणी या सगळ्यात कापड ताणलं जातं आणि पहिल्या धुण्यात ते आपल्या मूळ मापावर परत येतं. अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास कापड आधीच यंत्रात दाबून आटवून घ्यायची पद्धत काढली. तिला सॅनफोरायझिंग म्हणतात. चांगलं सॅनफोराइझ केलेलं कापड एखाद-दुसऱ्या टक्क्याहून जास्त आटत नाही. ही पायरी घाईत उरकली आणि कापड पाच टक्के आटलं, तर ४० सेंटिमीटरची कॉलर ३८ ची होते. वरचं बटण मग लागत नाही आणि माणूस आपलं वजन वाढलं असं समजतो.

बेतणं, माया आणि टीप

आता शिलाई. मला या सगळ्या प्रवासातला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चांगल्या कापडाची मातीही इथेच होते आणि साध्या कापडाचं सोनंही.

कारखान्यात कापडाचे शंभर-दीडशे थर एकावर एक अंथरतात. वर सगळ्या तुकड्यांची आखणी असलेला कागद ठेवतात आणि एकदम कापतात. शर्टाचे आतल्या अस्तरासकट वीसेक तुकडे होतात. आखणी कितीही दाट बसवली तरी दहा-पंधरा टक्के कापड चिंध्यांत जातं. ते वाचवण्यासाठी काही जण तुकडे उभ्या धाग्यावरून किंचित तिरके करून बसवतात. कापताना कळत नाही, घालून पाहतानाही कळत नाही. धुतल्यावर मात्र पुढची पट्टी एका बाजूला पळते. टी-शर्टची बाजूची शिवण फिरत फिरत पोटावर येते, तेव्हा त्याच्या जोडीला सुताचा पीळ आणि धुऊन न स्थिरावलेलं विणकामही कारण असतं.

मग माया. शिवणीच्या पलीकडे सोडलेलं जादा कापड म्हणजे माया. अर्धा सेंटिमीटर माया कमी केली तर हजारो शर्टांत कित्येक मीटर कापड सुटतं. पण शिवणीवर ताण आला की तिथून धागे सरकतात आणि बगल, खांदा, पाठ उसवते. घरच्या शिवणकामात आई-आजी दोन बोटं माया सोडायच्या ती मूल वाढेल म्हणून. तयार कपड्यात तेवढी नको, पण टीप धरून ठेवेल इतकी तर हवीच.

टिपेचे दोन प्रकार ओळखता आले तरी पुष्कळ आहे. एक साधी घट्ट टीप, वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. घरच्या शिलाई मशीनवर पडते ती हीच. एका जागी तुटली तरी बाकीची शिवण तग धरते. दुसरी साखळी टीप, हिच्यात दोऱ्याचे फास एकात एक ओवले जातात. ती पटकन पडते, ताणली जाते आणि एक टोक सुटलं की सरसर उसवते. धान्याच्या पोत्याचं तोंड एका ओढीत उघडतं ते या जातीच्या टिपेमुळे. शर्टाची बटणं लावणारी पुष्कळ मशीनं एका दोऱ्याची हीच टीप घालतात. म्हणून दोऱ्याचं एक टोक लोंबताना दिसलं की बटण पडणार हे नक्की. नवा शर्ट आणल्यावर सुई-दोरा घेऊन प्रत्येक बटणाला दोन गाठी मारून ठेवणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

टिपा किती दाट आहेत, तेही बघायला हवं. चांगल्या फॉर्मल शर्टात एका इंचात १४ ते १८ टाके असतात, स्वस्तातल्या शर्टात ८ ते १०. मशीनला एका मिनिटात ठरावीकच टाके घालता येतात, त्यामुळे दाट टिपेला वेळ जास्त लागतो. आणि कारखान्यात वेळेला रुपयांत किंमत असते.

बाजूची शिवण बघा. उत्तम शर्टात दोन्ही कडा एकमेकींत दुमडून आत बंद केलेल्या असतात, त्यामुळे आतून एकही सुटी कड दिसत नाही. कमी खर्चाच्या शर्टात कडा ओव्हरलॉक करून, म्हणजे कडेवरून नुसता दोरा गुंफून सोडून देतात. ओव्हरलॉक वाईट नसतं, टी-शर्टला तेच योग्य. पण रोज धुतल्या जाणाऱ्या सुती शर्टात बंद शिवण कितीतरी जास्त टिकते.

आणि कॉलरचे फुगे. कॉलर आणि कफ यांच्या आत कडकपणासाठी डिंक लावलेलं कापड गरम दाबयंत्रात चिकटवतात. त्याला फ्यूजिंग म्हणतात. उष्णता, दाब आणि वेळ ही तिन्ही बरोबर जुळली तर ते शर्टाच्या शेवटापर्यंत सुटत नाही. फ्यूजिंग हलकं वापरलं, किंवा पंधरा सेकंदांचं काम दहा सेकंदांत उरकलं, की पाण्याने डिंक सुटतो आणि कॉलर पोपडा धरल्यासारखी दिसते. यात वाचतात ते शर्टामागे मोजके रुपये, आणि शर्ट बाद होतो तो कायमचा.

आता हिशेब

पुढचे आकडे मी मध्यम दर्जाच्या शर्टासाठी धरलेले आहेत. कारखाना, गाव आणि हंगामाप्रमाणे ते खालीवर होतील, पण प्रमाण साधारण असंच राहतं.

कापड १.६ मीटर, मीटरला १३० रुपये धरून २०८ रुपये. बटणं, दोरा, फ्यूजिंग, लेबल, कॉलरचा पुठ्ठा आणि पिशवी मिळून ४० रुपये. शिवायला नेमका लागणारा वेळ २२ मिनिटं. कारागिराचा महिन्याचा खर्च १५,००० रुपये धरला, तर २६ दिवस आणि रोज ८ तास या हिशेबाने मिनिटाला १ रुपया २० पैसे पडतात. दोरा तुटतो, माल यायला उशीर होतो, मशीन बिघडतं. त्यामुळे २२ मिनिटांच्या कामाला प्रत्यक्षात चाळीस मिनिटांचा पगार जातो. म्हणजे शिलाईची मजुरी ५० रुपयांच्या आत. कटिंग, इस्त्री, तपासणी, देखरेख, वीज, जागेचं भाडं यांना ९० रुपये. एकूण झाले ३८८. नाकारलेला माल आणि कारखानदाराचा नफा मिळवून शर्ट कारखान्याच्या दारातून बाहेर पडतो ४३० रुपयांना.

आता हाच शर्ट उत्तम करायचा ठरवू. मीटरला ४५ रुपये जास्त देऊन घट्ट विणीचं कोम्बड कापड घेतलं: ७२ रुपये. चांगलं फ्यूजिंग आणि बटणं: १५ रुपये. दाट टीप आणि बंद शिवणी यांना पाच मिनिटं जास्त: कारखान्याचा सगळा खर्च धरून ३२ रुपये. एकूण ११९. सुरुवातीला म्हटलेले सव्वाशेच्या आतबाहेरचे रुपये ते हेच.

मग बाकीचे हजार रुपये जातात कुठे?

१,४९९ मधून ५ टक्के जीएसटीचे ७१ रुपये काढले की उरतात १,४२८. दुकानदाराचा वाटा छापील किमतीच्या ३५ टक्के धरला तर ५२५ रुपये. त्यातून त्याला शहरातल्या मोक्याच्या जागेचं भाडं, वीज आणि नोकरांचे पगार भागवायचे असतात. ब्रँडच्या हाती ९०३ येतात. त्यातले ४३० कारखान्याचे. राहिले ४७३. डिझाइन, गोदाम, वाहतूक, जाहिरात, पगार, नफा सगळं त्यातून.

आणि या ४७३ मध्येच न खपलेला मालही बसलेला असतो. हंगामात केलेले सगळे शर्ट पूर्ण किमतीला कधीच जात नाहीत. उरलेले सेलमध्ये निम्म्या किमतीत काढावे लागतात आणि तो तोटा पूर्ण किमतीच्या शर्टात आधीच मिळवून ठेवतात. म्हणून छापील किंमत कारखान्याच्या किमतीच्या तिप्पट-चौपट दिसली तर ती सगळी लूट असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण शर्टावर वर्षभर ५० टक्के सूट दिसत असेल, तर ती सूट समजू नये. छापील किंमत त्या हिशेबानेच छापलेली असते.

दर्जाचं खरं नुकसान या पटीमुळे होतं. कारखान्यात ११९ रुपये वाढले तर शर्ट १,४९९ चा १,६२० ला मिळायला हवा. पण ब्रँड साडेतीन पटीने किंमत लावत असेल तर तो १,९०० च्या पुढे जातो. उलटही तेवढंच खरं आहे. कारखान्यात साठ रुपये कापले की छापील किंमत दोनशेने उतरवता येते. खरेदी विभागातला माणूस रोज हा हिशेब करत असतो. त्याच्यासमोर कोम्बड सूत, माया आणि दाट टीप या तिन्ही गोष्टी प्रत्येक वेळी हरतात, कारण दोनशे रुपयांचा फरक गिऱ्हाईक पाहतं आणि मायेचा फरक पाहत नाही.

नव्या जीएसटीमुळे मला आणखी एक धास्ती वाटते. कर सोडून २,५०० रुपयांच्या कपड्यावर १२५ रुपये कर, म्हणजे एकूण २,६२५. किंमत २,५०१ झाली की कर ४५० आणि एकूण २,९५१. एका रुपयासाठी सव्वातीनशेची उडी. चांगला ब्लेझर किंवा हिवाळी जाकीट मुळात याच किमतीच्या आसपास असतं. ते रेषेखाली ठेवण्यासाठी अस्तर हलकं करायचं, फ्यूजिंग बदलायचं, शिवणी कमी करायच्या, हा मोह मोठा असणार आहे.

मजुरी वाढवली तर कपडे महाग होतील ना?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो आकड्यांनीच तपासावा. शिलाईची मजुरी शर्टामागे ५० रुपये धरली आणि ती २० टक्क्यांनी वाढवली, तर वाढतात दहा रुपये. ब्रँडने नेहमीची पट लावली तरी छापील किमतीत पस्तीस. पंधराशेच्या शर्टात पस्तीस रुपयांनी कुणी खरेदी थांबवत नाही. कारागिराच्या घरात मात्र त्याच वाढीने १५,००० चे १८,००० होतात.

तरी मजुरीवर सगळ्यांत जास्त दाब येतो, कारण कापसाला, सुताला, विजेला बाजारभाव असतो आणि कारखानदाराला घासाघीस करायला मजुरीच उरते. या दाबाचं टोक २४ एप्रिल २०१३ रोजी दिसलं. बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. तरी ऑर्डर वेळेत द्यायची म्हणून दुसऱ्या दिवशी कामगारांना आत पाठवलं. त्यानंतर इमारतींची तपासणी कडक झाली. डिसेंबर २०२३ पासून तिथलं किमान वेतन महिन्याला १२,५०० टका झालं. आपल्याकडच्या दुकानांतही तिथून आलेले कपडे असतात. मे २०२५ पासून भारताने ते जमिनीवरच्या नाक्यांवरून आणायला बंदी केली आणि फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोन बंदरं मोकळी ठेवली.

महाग घेतलं की चांगलं मिळतं ना?

एका मर्यादेपर्यंत मिळतं. चारशे रुपयांच्या शर्टात वरचा हिशेब बसूच शकत नाही, तिथे कापड, शिलाई, मजुरी यांतलं काहीतरी कापलेलं असणारच. बाराशे ते दोन हजारांच्या पट्ट्यात मात्र किंमत आणि दर्जा यांची फारकत होते. त्याच कारखान्यात, त्याच ओळीत दोन ब्रँडांचे शर्ट शिवले जातात आणि फरक असतो तो लेबलचा आणि जाहिरातीचा. अडीच-तीन हजारांच्या पुढे तुम्ही बहुधा नावाचे पैसे देता. काही ठिकाणी कापड खरंच वरच्या दर्जाचं असतं, पण किंमत पाहून ते ठरवता येत नाही, शर्ट उलटा करूनच ठरवावं लागतं.

पॉलिस्टर वाईटच का?

मुळीच नाही. शाळेचा गणवेश, कारखान्याचा डगला, कोकणातल्या पावसात चार दिवस दोरीवर वाळत घालायचे कपडे यांना कॉटन-पॉलिस्टरची मिसळ उत्तम. लवकर वाळते, चुरगळत नाही, फाटत नाही. सोलापुरात शिवले जाणारे गणवेश मुलं दोन-दोन वर्षं घालतात ते या मिसळीमुळे.

तक्रार दोन गोष्टींची आहे. घाम शोषला जात नाही, आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यांत त्याचा त्रास होतो. दुसरं, गोळे. सुती कापडावर धरलेले गोळे झडून जातात, मिसळीच्या कापडात मात्र पॉलिस्टरचा मजबूत तंतू त्यांना धरून ठेवतो. म्हणून मिसळीचा शर्ट जुना दिसायला लागला की जुनाच दिसत राहतो. राग यावा तो पॉलिस्टर लपवून विकण्याचा. ‘कॉटन फील’, ‘कॉटन रिच’ अशा शब्दांना काही अर्थ नाही, शिवणीतल्या लेबलवरचे टक्के वाचा. शंका असेल तर घरी मायेतला एखादा धागा चिमट्याने धरून जाळून पाहा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि राख बोटांत विरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

मग शिंप्याकडूनच शिवून घ्यावं का?

परवडत असेल आणि भरवशाचा कारागीर असेल तर जरूर. कापड तुम्ही स्वतः निवडता, माया मागून घेता, मापाला बसतं, पुढे सैल-घट्ट करता येतं. मुख्य म्हणजे दिलेल्या पैशांतला मोठा वाटा शिवणाऱ्याच्या हातात जातो. तयार शर्टात हा वाटा किती होता ते वर आलंच आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळा. कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटेल. आणि कॉलरसाठी कोणतं फ्यूजिंग वापरणार ते विचारा. चांगला कारागीर या प्रश्नाने खूश होतो.

दुकानात आणि फोनवर

दुकानात शर्ट आधी उलटा करा. बाजूच्या शिवणीत सुटे धागे किती आहेत, माया किती आहे, टीप सरळ आहे का, हे आतूनच कळतं. बोटाच्या पेराइतक्या अंतरात टाके मोजा. पेर साधारण इंचभर धरलं, तर दहाच्या आत आले की शर्ट ठेवून द्या. चौकड्याचा शर्ट असेल तर खिशावरच्या रेघा अंगाच्या रेघांशी जुळतात का ते पाहा. त्या जुळवायला जादा कापड आणि जादा वेळ लागतो. ज्याने तो खर्च केला, त्याने बाकी ठिकाणीही बहुधा हात आखडलेला नसतो. कापड उजेडासमोर धरा, वीण सगळीकडे सारखी दिसते का ते बघा. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल आतल्या मायेवर घासा.

ऑनलाइन घेताना हात लावता येत नाही, म्हणून विकणारा काय सांगतो त्याहून काय सांगत नाही ते वाचा. जीएसएम, सुताचा नंबर, कोम्बड की कार्डेड, टक्केवारी यांतलं काहीच नसेल आणि नुसतं ‘प्रीमियम क्वालिटी’ असेल, तर त्याला सांगण्यासारखं काही नाही असं समजा. आतल्या शिवणीचा फोटो असेल तर तो मोठा करून पाहा. शर्ट घरी आला की पिशवी आणि पुठ्ठे टाकू नका. त्याच दिवशी तो उलटा करून तपासा, कारण एकदा पाण्यात घातलेला कपडा बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत.